पंपाची अश्वशक्ती : फूट की मीटर?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा धुळे जिल्ह्यातील शिरपूरकडे काय, विहिरीची खोली फुटांतच सांगितली जाते. पंपाच्या पाटीवर मात्र मीटर व लिटर असतात. गफलत होते ती येथेच. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्याची शक्ती. लिटरभर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम.

समजा, नळातील घर्षण धरून सेकंदाला ७ लिटर पाणी १४० फूट, म्हणजेच ४२.७ मीटर चढवावयाचे आहे. ७ गुणिले ४२.७, भागिले ७५, आणि कार्यक्षमता ६० टक्के म्हणून पुन्हा भागिले ०.६, उत्तर ६.६. साडेसातचा पंप पुरतो. मीटरच्या जागी १४० घातल्यास येतात जवळजवळ २२! एप्रिल २०२४ पासूनची मोफत विजेची सवलत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्याच कृषिपंपांस आहे.