दुभागलेला रस्ता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हैदराबादहून सोलापुरास बसने निघालो होतो. जागा चालकाच्या अगदी मागे मिळाली होती. जहीराबाद मागे पडले, रस्ता सरळ व मोकळा लागला, आणि अकस्मात समोरून, आमच्याच बाजूने, दुधाच्या कॅनी लटकविलेली एक मोटारसायकल येताना दिसली. चालकाने बस कशीबशी आवरली. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, ‘‘मधे एवढा कट्टा बांधलाय, तरी माणूस समोरून येतोच कसा?’’ आजीबाईंचा प्रश्न आम्हांस मोठा मार्मिक वाटला.

दुभाजक बांधतात तो समोरासमोरची टक्कर टाळण्यासाठी. दोन वाहने ताशी 80 किलोमीटर वेगाने एकमेकांकडे येऊ लागली, तर त्यांमधील अंतर दर सेकंदास 44 मीटरने घटते. दुभाजकामुळे हे भय पुष्कळ कमी होते यात संशय नाही. परंतु भय गेले की सावधपणाही जातो. समोरून कोणी येणारच नाही अशा भरवशावर चालक वेग वाढवितो, आणि मग जो एखादा येतो तो घात करतो.

येथे थोडे गणित करू. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे 28 मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी तेवढ्यात गाडी 42 मीटर पुढे जाते. नंतर कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी सुमारे 55 मीटर लागतात. म्हणजे आपल्या क्रीडांगणावरील शंभर मीटरची शर्यत जवळजवळ पुरी झाली! वेग ताशी 50 असता, तर हेच काम 35 मीटरांत झाले असते. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर एकचतुर्थांश होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रात्री दिव्याचा खालचा झोत शंभर मीटरपर्यंत पोहोचत नाही. मागे दिवा नसलेली ट्रॉली वाटेत असेल, तर ती दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

आपल्या शहरातील मुलांना नंदमूरी घराणे ठाऊक आहेच. 6 डिसेंबर 2014 रोजी तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यात, विजयवाड्याच्या महामार्गावर, निर्माते जानकीराम यांची गाडी उलट्या दिशेने आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली व त्यांचा अंत झाला. पुढे 29 ऑगस्ट 2018 रोजी त्यांचे वडील, माजी खासदार हरिकृष्ण, त्याच जिल्ह्यात मोटार चालवीत असता दुभाजकावर आदळले. गाडी उलटली, ते बाहेर फेकले गेले व दगावले. सीटबेल्ट बांधलेला नव्हता. एका घरातील पिता-पुत्र चार वर्षांच्या आत असे गेले. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागील आसनावर बेल्टविना बसले होते. लग्नाकार्यासाठी लातूर-सोलापुराकडे मोटारीने जाणाऱ्या पालकांनी मागच्या आसनाचा बेल्ट गादीखाली कोंबलेला नाही ना, एवढे पाहावे.

पण आमच्या दूधवाल्याचे काय? चहासाठी बस थांबली, तेथे तो पुन्हा भेटला. आम्ही रागानेच विचारले. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, गोठा या अंगाला, डेअरी त्या अंगाला. वळायची जागा दोन किलोमीटरवर. वेळेत पोहोचलो नाही तर दूध परत.’’ त्याची चूक खरीच. 2019 च्या दुरुस्तीपासून उलट दिशेने वाहन हाकणे हे कायद्याने धोकादायक वाहनचालनात मोडते. तथापि, गावाचे दोन तुकडे करून रस्ता न्यावयाचा आणि सेवारस्ता किंवा भुयारी वाट मात्र ठेवावयाची नाही, यातील दोष दूधवाल्याचा नव्हे, असे आमचे मत आहे.

हैदराबादभोवतीचा 158 किलोमीटरचा आठपदरी बाह्यवळण रस्ता दोहों अंगांनी बंदिस्त आहे. ठरावीक ठिकाणीच आत शिरता येते आणि दुचाकीस मज्जाव आहे. तेथे वेगळेच भय असते. ते म्हणजे कडेस उभ्या असलेल्या वाहनाचे. 5 जून 2016 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलनजीक उभ्या दोन मोटारींवर बस आदळून सतराजण मरण पावले. म्हणून अशा रस्त्यावर गाडी बंद पडली, तर आत बसून राहू नये. सर्वांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे, मागे बऱ्याच अंतरावर चकाकणारा त्रिकोण ठेवावा आणि राष्ट्रीय महामार्ग असल्यास 1033 या क्रमांकावर मदत मागावी. नववीच्या वर्गात आम्ही हा क्रमांक विचारला, तेव्हा दोघांनाच तो ठाऊक होता. त्यांतील एकाचे वडील ट्रकचालक आहेत.