पोरी, माणसांना नावं देताना

तुझ्या कादंबरीचा नकाशा बघितला. नद्यांना नावं आहेत, घाटांना आहेत, राजाच्या घोड्यालासुद्धा आहे. माणसं मात्र 'डोंगरी जमात', 'रानटी टोळी' म्हणून उभी केलीस! घोड्याइतका मान त्यांनाही दे, बाई. आत्याचं एवढं ऐक आणि मग पुढचं प्रकरण घे.

१. प्रत्येक समूहाची दोन नावं ठरव, त्यानं स्वतःला दिलेलं आणि शेजाऱ्यानं दिलेलं – दोन्ही क्वचितच एक असतात. आपल्या कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांवर जाऊन बघ. गाव ज्यांना लमाण म्हणतं ते स्वतःला गोर म्हणतात, आणि गोर नाही तो कोर. म्हणजे तू-मी कोर! आपण कुणाच्या तरी बोलीत 'बाहेरचे' आहोत, हे तुझ्या राजधानीतल्या शहाण्यांनाही कथेत कधीतरी कळू दे. शेजाऱ्यानं दिलेलं नाव, त्यात शेजाऱ्याचंच गाव.

२. निवेदनात आतलं नाव वापर, बाहेरचं पात्रांच्या तोंडी घाल – वाचक निवेदकाचा शब्द खरा धरतो. निवेदक एकदा 'रानटी' म्हणाला की ते लोक शेवटच्या पानापर्यंत रानटीच राहतात.

३. 'जात' हा शब्द सहज वापरू नकोस – मराठी वाचक तो ऐकताच स्वतःच्या गावात जाऊन पोचतो. जन्मानं काम आणि लग्न ठरवणारा समाजच दाखवायचा असेल, तर मात्र तोच शब्द लिही, आणि त्याचं सगळं ओझंही उचल.

४. 'वंश' म्हटलं की रक्त आलं, 'टोळी' म्हटलं की दरोडा आला, 'प्रजा' म्हटलं की राजा आला – शब्द आपला गोतावळा घेऊनच येतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळानं २०२४च्या पुस्तकात 'रेस' काढून 'स्पीशीज' घातलं. त्यांचं त्यांना लखलाभ, पण आपल्या 'प्रजाती'ला जीवशास्त्राच्या वर्गाचा वास येतो. मला विचारशील तर साधं 'लोक' बरं: नदीचे लोक, मिठागराचे लोक.

५. अख्ख्या लोकांना एका दुर्गुणाचं नाव देऊ नकोस – ते पुसायला पिढ्या जातात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे पारधी, कैकाडी अशा कितीतरी लोकांत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. मोठ्या माणसांना ठाण्यावर हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. १९५२ साली कायदा उठला, त्यांना 'विमुक्त' म्हणू लागले, तरी चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर जातात. कायद्यात चढलं नाव, सात पिढ्यांना घाव. तुझ्या राजानं असा हुकूम काढलाच, तर हजेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा एक दिवस लिही. हुकूम काय होता ते त्यातून कळेल.

६. यक्ष, नाग, असुर, किन्नर ही आपली जुनी मंडळी जरूर घे, पण आधी त्यांना भेटून ये – पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा दगडात ती जास्त जिवंत आहेत. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा राणीला शेजारी घेऊन बसलाय. डोक्यावर फणा आहे, पण बसणं घरच्या माणसाचं. पितळखोऱ्याचा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, हसरा, आणि त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव. घाबरवणारं काहीच नाही त्याच्यात.

७. जुनं नाव खलनायकांना चिकटवण्याआधी ते आज कुणाचं आहे का, हे बघ – झारखंडात असुर नावाचे लोक आहेत, लोखंड गाळण्याची त्यांची पिढीजात विद्या आहे. 'किन्नर' म्हणूनही आज जिवंत माणसं ओळखली जातात. तुझी कादंबरी त्यांच्या मुलांच्याही हाती पडेल.

८. एकाच माणसाला निरनिराळ्या तोंडांनी निरनिराळं म्हणू दे – त्यात बोलणाराच उघडा पडतो. हे शिकायला लांब जायला नको. १६१० साली खडकी वसवणारा, आपल्या शहराचा मूळपुरुष मलिक अंबर आहेच. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस इथे 'हबशी'. बहमनींच्या काळापासून दख्खनच्या दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे बाहेरदेशातून आलेले, असे तट होते, त्यात हबशी बहुधा दखन्यांच्या बाजूचे. जहांगीर आपल्या आठवणींत त्याला काळतोंड्या म्हणून हिणवतो, कारण तो हाती लागत नव्हता. आणि १६२६ साली अंबर गेला, तेव्हा मुघलांच्याच मुतमद खानानं त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनानं थोरवी लिहिली. बादशहा आणि त्याचा इतिहासकार, दोघांची तोंडं वेगळी. तुझ्या दरबारातही असं होऊ दे.

९. परक्या लोकांना मोडकी मराठी बोलायला लावू नकोस – आपल्या घरी ते अस्खलितच बोलतात. गुणाढ्याची कथा तुला लहानपणी सांगितलीय: त्यानं 'बृहत्कथा' पैशाचीत लिहिली, आणि पिशाचांची भाषा म्हणून सातवाहन राजानं ती नाकारली. मग तो एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवत जाळत गेला. सात लाख श्लोकांतला एक लाखच उरला. पैठणच्या राजाची ही चूक तू करू नकोस.

१०. नाव ठरलं की त्याला 'ला', 'नं', 'च्या' लावून मोठ्यानं म्हण – विभक्तीत जे मोडतं ते तिसऱ्या पानावर तुलाच नकोसं होतं. त्यांच्यातल्या बाईला काय म्हणायचं, पोराला काय, तेही त्याच दिवशी ठरव.

११. हे सगळं एका वहीत, लोकांगणिक एक पान: स्वतःचं नाव, शेजाऱ्यानं दिलेलं, करवसुली करणाऱ्याच्या तोंडचं, आणि भांडणातलं. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, दोघी बसून एकेक नाव मोठ्यानं वाचू.