छायाचित्रणाचा श्रीगणेशा

मोबाइलवर शंभर छायाचित्रे काढून त्यांतील नव्वद पुसून टाकणे आज कोणासही शक्य आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही. ३५ मिलिमीटरच्या मोठ्या रोलवर ३६ चित्रे येतात. आपल्या आजोबांच्या पिढीस परिचित असलेल्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात तर १२च. शिवाय रोल धुऊन येईपर्यंत काय चुकले हे कळत नाही. म्हणून या विद्येस दोन साधने लागतात: कॅमेरा आणि वही. पहिल्याची महती सर्वांस ठाऊक असते; दुसरीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. कृष्णधवल रोल धुताना, प्रकाश पडलेल्या जागी काळी चांदी तयार होते; म्हणून निगेटिव्हवर पांढरा सदरा काळा दिसतो आणि काळे केस पांढरे. हा प्रकाश किती पडू द्यावयाचा, हाच मुख्य प्रश्न. भिंगाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहानमोठे करता येते. शटर किती वेळ उघडे राहावे हेही ठरविता येते. नळाची तोटी आणि घागर भरण्यास लागणारा वेळ यांचे जे नाते, तेच या दोहोंचे. ॲपर्चरचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, हे प्रथम पाठ करावे.

आयएसओ १०० ची फिल्म असल्यास शटर १/१२५ सेकंदावर ठेवावे. भर उन्हात ॲपर्चर १६, विरळ ढगांत ११, ढगाळ हवेत ८, दाट आभाळात ५.६ आणि मोकळ्या सावलीत ४. या प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट होतो.

आता हा नियम बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत ताडून पाहू. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधविले. बाहेर लख्ख ऊन, तर मंडपाच्या छतावरील कोरीव कमळ अंधुक उजेडात. उन्हाच्या मापाने कमळाचे चित्र घेतल्यास निगेटिव्हचा तो भाग काचेसारखा कोरा राहील, आणि कोऱ्या जागेतून कोणताही कारागीर कमळ उमटवू शकणार नाही. याउलट निगेटिव्ह फिल्मवर थोडा अधिक प्रकाश पडला, तर चित्र बहुधा सावरता येते. यास्तव माप सावलीचे घ्यावे. संशय वाटल्यास एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. शटर १/३० सेकंदाहून मंद झाल्यास हाताच्या कंपाने चित्र पुसट येते. अशा वेळी कॅमेऱ्यास भक्कम आधार द्यावा.

माणसाच्या चेहऱ्यास मात्र भर दुपारचे ऊन मानवत नाही. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. निपाणीच्या एखाद्या तंबाखूच्या वखारीच्या दारात, उन्हापासून दोन हात आत माणसास बसवावे. तेथील मऊ उजेडात सुरकुत्याही बोलक्या होतात.

रोल सावलीत भरावा. पुढे सरकविताना रोल गुंडाळण्याची डावीकडील कळ फिरते की नाही, हे पाहावे. ती फिरत नसेल, तर फिल्म बहुधा अडकलेलीच नाही आणि सारे श्रम व्यर्थ जातील. रोल पूर्ण गुंडाळल्याविना मागचे झाकण उघडू नये.

आता वहीविषयी. प्रत्येक चित्राचा क्रमांक, वेळ, उजेड, ॲपर्चर आणि शटर तत्काळ लिहावे. रोल धुऊन आल्यावर वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून पाहिल्यास चुकीचे कारण आपोआप सापडते. वही नसेल तर तीच चूक पुढच्या रोलवर पुन्हा होते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या वाढीची ठरावीक अंतराने एकेक चित्रे घेऊन रोपाच्या वाढीचा चित्रपट तयार केला, आणि तो पाहूनच त्यांना चित्रपटासाठी भांडवल मिळाले. असा नेमकेपणा नियमित नोंदीनेच अंगी येतो.

आज रोल महाग आहे आणि सर्वत्र मिळत नाही. म्हणून पहिल्या रोलवर फुले व सूर्यास्त यांपेक्षा घरातील वडीलधाऱ्यांस अग्रमान द्यावा. निगेटिव्हच्या पाकिटावर नाव, गाव व तारीख लिहावी. कारण नाव न लिहिलेले चित्र दोन पिढ्यांनंतर आपल्याच घरात परके होते.