नागझिऱ्याचा बांबू आणि विमानाची तुळई

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात बांबूची बेटे पुष्कळ. अभयारण्य असल्याने हा बांबू तोडता येत नाही, पण निरखून पाहता येतो. आतून पोकळ, वजनाला हलका, तरी वादळात वाकतो, सहसा मोडत नाही. त्याचे बळ उभ्या तंतूंत आहे आणि ते तंतू एका नैसर्गिक डिंकाने घट्ट बांधलेले आहेत. उभा चिरायला सोपा, आडवा तोडायला कठीण, हे टोपल्या विणणाऱ्या कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही.

कमी इंधन खाणारे आजचे प्रवासी विमान याच तत्त्वावर बनते. त्याचा एक भाग तर आपल्या शेजारी, नागपुरात तयार झाला आहे. म्हणून हा विषय आपल्या कारागीर बांधवांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

इंधन कसे वाचते?

विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. तो कमी करण्याचे मार्ग तीन: वजन घटवणे, हवेचा विरोध घटवणे आणि इंजिन सुधारणे.

प्रथम वजन. सांगाडा हलका झाला की तो उचलायला लहान पंख पुरतात, इंधनही कमी न्यावे लागते. आणि इंधनालाही वजन असतेच. म्हणजे एका जागी वाचलेला किलो दुसऱ्या जागीही वजन वाचवतो. बोइंग 787 या विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे निम्मा भाग कार्बन तंतू व राळ यांच्या मिश्र पदार्थाचा आहे. ॲल्युमिनियम केवळ 20 टक्के. तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांनी एकमेकांवर बसवतात आणि मोठ्या दाबभट्टीत सुमारे 180 अंश सेल्सिअसवर पक्के करतात. जिकडून ताण येणार तिकडे तंतू, हा सारा हिशेब.

दुसरा मार्ग पंखांचा. ते लांब व निमुळते असले की हवा कमी अडते. तिसरा इंजिनाचा. पुढचा पंखा मोठा ठेवून बहुतेक हवा ज्वलनाच्या गाभ्याबाहेरून मागे ढकलतात. गाभ्यातून एक भाग हवा गेली, तर बाहेरून सुमारे नऊ भाग. थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलणे स्वस्त पडते. हे सर्व मिळून जुन्या, तेवढ्याच आकाराच्या विमानापेक्षा सुमारे 20 टक्के इंधन वाचते, असा कंपनीचा दावा आहे.

नागपूरचा वाटा

नागपूरच्या मिहान प्रकल्पात टाटा समूहाच्या टाल कंपनीने या विमानासाठी मिश्र पदार्थाच्या तुळया बनवल्या. प्रवाशांच्या पायाखालची जमीन ज्यावर टेकते, त्या या तुळया. मिहानमध्येच मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्र 2015 साली सुरू झाले. पुण्याजवळ चाकणला जीई कंपनीचा विमान-इंजिनांचे भाग बनवणारा कारखानाही त्याच वर्षी उघडला.

विमान कशाने अडले?

हे विमान 8 जुलै 2007 रोजी मोठ्या समारंभाने जगाला दाखवले गेले. पण पक्के रिव्हेट-बोल्ट पुरेसे मिळाले नव्हते, म्हणून तात्पुरते लावून उभे केलेले. पहिले उड्डाण त्याच वर्षी व्हायचे होते. झाले 15 डिसेंबर 2009 रोजी. कारणे अनेक होती, त्यांत बोल्टची टंचाई हे एक. पुढे 2021 व 2022 मध्ये सांध्यांत कागदाच्या जाडीइतक्या फटी राहिल्याचे आढळल्यामुळे नवी विमाने ग्राहकांना देणे अनेक महिने थांबले. कोट्यवधींचा माल अडला तो अशा फटींमुळे. आपल्याकडे 'एवढे चालते' म्हणतात. तिथे एवढे चालत नाही.

आपण काय घ्यावे?

आपल्या वेल्डर, खरादी, पत्राकाम व मोटार-दुरुस्ती करणाऱ्या भावांच्या हातात हुनर आहे. तरी मोठे काम दारावरून परत जाते. हात कमी पडतो म्हणून नव्हे, तर माप व नोंद नसते म्हणून. यासाठी काही गोष्टी सुचवतो.

1. अंदाजाने नव्हे, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मोजा. मोजमापाची साधनेही ठरल्या मुदतीत तपासून घ्या.

2. प्रत्येक कामाची वही ठेवा: माल कोठून आला, कोणी घडवला, कोणी तपासला. विमानाच्या धंद्यात कागद नसलेला सुटा भाग कितीही चांगला असला तरी घेत नाहीत.

3. मुलांना आयटीआयमध्ये पाठवा. नकाशा वाचणे व सीएनसी यंत्र चालवणे त्यांना आलेच पाहिजे.

4. चूक झाली तर लपवू नका. मिश्र पदार्थाला मार बसला की वरून काही दिसत नाही, आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. सांगितले तर दुरुस्ती होते. लपवले तर जीव जातात.

विमान कंपनी थेट आपल्या दुकानात येणार नाही, हे आम्ही जाणतो. काम पुरवठादाराच्या पुरवठादाराकडून येते आणि त्यालाही प्रमाणपत्रे लागतात. पण ही शिस्त वाया जाणार नाही. गोंदियाच्या भातगिरणीचा शाफ्ट असो वा ट्रॅक्टरची पिन, मापात बसणारा माल देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. आजच एक वही आणा आणि उद्याचे पहिले काम तीत लिहा.