अॅम्प्लिफायरची दुरुस्ती : आधी बाहेर पाहा, मग आत

होम थिएटरचा अॅम्प्लिफायर दुकानात आला की कारागिराचा हात आधी पेचकसाकडे जातो. पहिली चूक इथेच होते. बिघाड पुष्कळदा डब्यात नसतोच. तो वायरीत, स्पीकरमध्ये किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. समजा, मोताळ्याचा ग्राहक मशीन घेऊन बुलढाण्याला आला. आपण ते उघडले, एखादा चांगला पार्ट बदलला, पैसे घेतले आणि घरी जाऊन त्याला तोच त्रास झाला, तर त्याचे एस.टी.चे भाडे वाया जाते आणि आपले नाव खराब होते. म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा.

ग्राहकाला आधी विचारा : आवाज सर्व स्पीकरचा गेला की एकाचाच? वीज जाऊन आल्यानंतर गेला का? नवीन टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडला होता का? शक्य असल्यास स्पीकर, वायरी आणि रिमोटही मागवून घ्या.

१) मशीन चालूच होत नाही

प्लग, मेन वायर आणि फ्यूज पाहा. काचेच्या फ्यूजची तार नुसती तुटली असेल, तर कारण किरकोळ असू शकते. काच आतून काळी किंवा चकचकीत झाली असेल, तर आत शॉर्ट आहे असे समजा. फ्यूज तेवढ्याच अॅम्पिअरचा टाका. २ अॅम्पिअरच्या जागी ५ चा टाकला किंवा तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल आणि आग घरापर्यंत जाऊ शकते.

शॉर्टची शंका असेल तर मशीन सिरीज बल्बवर लावा. ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब घ्या. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. स्पीकर काढून ठेवा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर सप्लाय बहुधा ठीक आहे. तो पूर्ण उजेडात जळत राहिला, तर शॉर्ट शोधल्याशिवाय थेट वीज देऊ नका. स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डी.सी. असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. मीटरने मोजून खात्री झाल्यावरच हात घाला.

२) चालू होते, पण 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडते

मशीन बंद करून सर्व स्पीकरच्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. काही सेकंदांनी रिलेचा 'टक' आवाज आला, तर दोष बाहेर आहे. पुष्कळदा वायरीची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटलेली असते. 'टक' आलाच नाही, तर रिलेच्या आधी आउटपुटवर डी.सी. व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आय.सी. गेल्याची शक्यता मोठी. रिले बायपास करून मशीन कधीही देऊ नका, तो डी.सी. सरळ स्पीकरची कॉइल जाळतो.

५२०० आणि १९४३ या जोडीतील एक गेला तरी दोन्ही बदला. ड्रायव्हर आणि एमिटरचे रेझिस्टर तपासा, मायका व पेस्ट नीट लावा. बाजारात या नंबरांचा नकली माल पुष्कळ फिरतो. स्वस्त पडला तरी तो घेऊ नका.

३) एकच बाजू बंद

डाव्या-उजव्या स्पीकरची अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर किंवा त्याची वायर खराब. त्याच टर्मिनलवर राहिला तर अॅम्प्लिफायर किंवा त्याची इनपुट वायर. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो.

४) 'घूं' असा आवाज

सर्व इनपुट वायरी काढा. आवाज थांबला तर एखाद्या वायरीचे शील्ड तुटले आहे किंवा केबल टीव्हीच्या तारेतून अर्थिंगचा घोळ येतो आहे. केबलची तार काढून पाहा. अर्थची पिन कापणे हा उपाय नव्हे, धोका आहे. वायरी काढून व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज येत असेल, तर फिल्टर कपॅसिटर पाहा. त्याचे डोके फुगलेले दिसेल.

५) मधला आणि मागचे स्पीकर गप्प

हा बहुधा बिघाड नसतो. टीव्हीतून साध्या लाल-पांढऱ्या वायरीने दोनच चॅनल येतात. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय वायर असूनही टीव्हीचे सेटिंग पीसीएमवर असेल, तर बहुतेक वेळा तेच होते. ते बिटस्ट्रीम किंवा डॉल्बी डिजिटलवर करा. एचडीएमआयची वायर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या सॉकेटमध्येच हवी. ऑप्टिकल वायरीच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी काढली आहे का, तेही पाहा!

६) तापून बंद पडणे

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते. त्यात मशीन बंद कपाटात ठेवले किंवा वर रुमाल टाकला, तर हीटसिंकची उष्णता जाणार कुठे? धूळ आणि पंखा साफ करा, वर चार बोटे तरी जागा सोडायला सांगा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर जोडले की भार ४ ओहमचा होतो. मशीनच्या मागे किती ओहम लिहिले आहेत ते वाचा.

शेवटी व्यवहाराचे. तपासणीचे पैसे जरूर घ्या. ती आपली मेहनत आहे आणि ते ग्राहकाला आधीच सांगा. पण दोष वायरीत निघाला तर वायरीचेच पैसे घ्या. बदललेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या आणि पावतीवर काय बदलले ते लिहा. असा ग्राहक पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही सोबत घेऊन येतो.