चि. बाबूस, पाटांविषयी

सावंतवाडी



परवा माठेवाड्यातली आत्या येऊन सांगून गेली, की तिच्या जावयाने तुला पणजीच्या एका हॉटेलात रात्री अकरा वाजता पाहिलं. बारच्या काउंटरला टेकून उभा होतास म्हणे, आणि हातात ग्लास होता. वहिनी मागीलदारी होत्या, त्यांच्या कानावर गेलं नाही एवढंच बरं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

तू व्हिस्की टेस्टिंगचे पाट करतोस याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या घराने पोळपाट केले, लग्नाचे पाट केले, देव्हारे केले. लाकडाला विटाळ नसतो. पण ग्लासात पाणी होतं की दुसरं काही, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

गणपतीत तू चार नमुने आणलेस तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो. तू त्या पाटांना फ्रेंच पॉलिश मारलं आहेस. अरे, चपडा लाख आपण स्पिरिटमध्येच विरघळवतो ना? मग त्यावर ४६ टक्क्यांची माल्ट सांडली की ते पॉलिश सुटणारच. ग्लासाच्या बुडाचं पांढरं वळं उठेल आणि बोटाला चिकट लागेल. सुताराच्या पोराला हे सांगायला लागावं? केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं. ते आणि मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून एकजीव कर आणि पाटाला दोन्ही बाजूंनी सारखं चोळ. एकच बाजू चोळलीस तर पाट वाकतो. खायचं तेल लावू नकोस, ते खवट होतं. तिथे माणसं ग्लासात नाक घालून बसतात, त्यांना पाटाचा वास येऊन चालणार नाही. लेझरने जाळलेल्या अक्षरांत काजळी राहते, तिलाही वास असतो, आणि ती नुसत्या फुंकरीने जात नाही. मऊ ब्रशने काढ, स्पिरिटच्या फडक्याने पूस, बारीक पॉलिशपेपर मार आणि मगच मेण लाव.

शिवणीचा पाट छान झाला आहे. आंब्याचा मात्र ओला होता, हाताला गार लागत होता. इंचाला एक वर्ष सुकवायचं, हा तुझ्या आजोबांचा हिशेब. आपल्या दमट हवेतलं लाकूड एसीत गेलं की आवळतं, आणि तडकतं ते ग्लासाच्या खळग्यापाशीच, कारण तिथे जाडी कमी. खळगेही तू ग्लासाच्या बुडाला अगदी घट्ट केले आहेस. दोन-तीन मिलिमीटर सैल ठेव, नाहीतर लाकूड आवळलं की ग्लास अडकेल आणि उपसताना कुणाच्या तरी कपड्यांवर सांडेल.

एवढं लिहितो आहे, पण डोळ्यांसमोर तो काउंटरच येतो.

तू म्हणशील, काका, चाखणं वेगळं आणि पिणं वेगळं. तूच मला समजावलं होतंस, की पॉल जॉन व्हिस्कीच्या ब्रिलियन्सला धुराचा वास नाही, एडिटेडला थोडा, बोल्डला भरपूर, म्हणून पाटावर नावं डावीकडून त्याच क्रमाने कोरायची. धुराची आधी घेतली तर पुढची जिभेला कळत नाही. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. असं का करायचं हे ज्याला कळतं, त्याचं काम टिकतं. पण क्रम कळायला स्वतः घोट घ्यायलाच हवा का? त्यांचा कारखाना कुंकळ्ळीला आहे, तिथे जाणकार माणसं आहेत. त्यांना विचार.

तुझ्या बाबांचा हात कसा होता, हे तुला आठवत असेल-नसेल. शिरोरेषा लाकडाच्या रेषेत आली की पटाशी वाहवत जाते, कपची उडते. ते दोन्ही टोकांना आधी आडवा घाव घालायचे आणि मगच मधलं काढायचे. देव्हाऱ्यावरचं नाव पाहा, एक कपची उडालेली दिसणार नाही. तू सहावीत होतास तेव्हा तो हात कापायला लागला. सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय पटाशी धरवत नव्हती. मी तेव्हा लालबागला फर्निचरच्या कारखान्यात होतो. त्यांना मुंबईला आणावं असं दर सुट्टीत मनात यायचं, आणि खोली दहा बाय दहाची म्हणून राहून जायचं. त्यांच्याकडून अक्षरं शिकायची होती, तीही राहिली. अजून वाटतं, आणायला हवं होतं.

म्हणून ग्लास म्हटलं की माझा जीव खालीवर होतो. जावयाने दुरून पाहिलं असेल. हॉटेलवाले रात्रीच मोकळे होतात, पैसे तेव्हाच देतात, हेही मला कळतं. बोललो त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली. मशीनने जाळलेली असली तरी ती अक्षरं तू हाताने काढलेली आहेत, हे पाहताक्षणी कळलं. ‘बोल्ड’मधल्या ‘ब’च्या पोटातली रेघ तुझ्या बाबांचीच. वहिनींनी तो पाट फडक्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला आहे. कुणाला दाखवत नाहीत.

माळ्यावर शिवणीच्या तीन फळ्या आहेत, पुरत्या सुकलेल्या. बाबांच्या पटाश्यांना मी धार लावून ठेवली आहे. येशील तेव्हा दोन्ही घेऊन जा. रात्री उशीर झाला तर पणजीहून म्हापशाला स्कूटरने येत जाऊ नकोस, तिथेच कुणाकडे तरी झोप. आणि रविवारी फोन कर. आधी वहिनींशी बोल, जेवलास का ते त्या विचारतील. मग फोन माझ्याकडे द्यायला सांग आणि त्या ग्लासाचं खरं काय ते मला सांग. जे असेल ते सांग, मी रागावणार नाही.

तुझा,
काका