बाळाला दूध सोसत नाही : ओळख, काळजी आणि आहार

आपल्या भागात लहान मुलाला हगवण लागली, पोट फुगले किंवा अंगावर पुरळ उठले, की घरातील वडीलधारी मंडळी चटकन सांगतात, "याला दूध बाधते." लगेच दूध बंद होते. काही घरांत तर आईचे अंगावरचे दूधही तोडले जाते. बाळ चहा-बिस्किटे व पातळ पेजेवर राहते आणि महिना-दोन महिन्यांत वाळते. याच्या उलटही घडते. ज्या मुलाला खरोखरच दुधाचे वावडे आहे त्याला "दुधाशिवाय ताकद कशी येईल?" म्हणून बळजबरीने दूध पाजले जाते. या दोन्ही गोष्टी बाळाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून प्रस्तुत लेखात एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांना दूध का सोसत नाही, ते कसे ओळखावे व काय करावे, याची माहिती पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात दिली आहे.

१. दोन वेगळ्या गोष्टी

"दूध बाधते" या एकाच शब्दात आपण दोन निरनिराळे विकार गोवतो.

पहिला विकार पचनाचा. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचविण्यासाठी लहान आतड्याच्या आतील अस्तरात लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य तयार होते. ते कमी पडले की साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जंतू ती आंबवितात, वायू होतो, पाणी सुटते आणि आंबट वासाची, फेसाळ, पातळ शौच होते.

दुसरा विकार ॲलर्जीचा. येथे साखरेचा संबंध नसतो. दुधातील केसीन व इतर प्रथिनांना शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रू समजते व त्यांच्यावर तुटून पडते. त्यामुळे याचा त्रास केवळ पोटाला न होता कातडीला व श्वासालाही होतो.

हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या विकारात थोडे दूध किंवा दही चालू शकते. दुसऱ्यात मात्र अगदी थोडे दूधही घातक ठरू शकते.

२. लॅक्टेज का कमी पडते?

जन्मतःच लॅक्टेज नसणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे. आईच्या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधापेक्षा जास्त, म्हणजे १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते, आणि जवळपास सर्वच बाळे ते पचवितात. वय वाढते तसे अनेकांत लॅक्टेज हळूहळू कमी होते. भारतातही मोठ्या माणसांपैकी पुष्कळांना पेलाभर दूध सोसत नाही. हा आजार नसून शरीराची रीत आहे. म्हणून "आमच्या घराण्यातच दूध चालत नाही" हे आजोबांच्या बाबतीत खरे असले, तरी दीड वर्षाच्या नातवाला तोच न्याय लावू नये.

या वयात लॅक्टेज कमी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हगवण. जंतुसंसर्गाने आतड्याचे अस्तर सोलल्यासारखे होते आणि लॅक्टेज त्या अस्तराच्या टोकावरच असते. जखम भरली की ते पुन्हा तयार होते. बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते पूर्ववत होते. कुपोषित मुलात मात्र जास्त वेळ लागतो. याचा अर्थ हा त्रास तात्पुरता असतो. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाल्यावर लागणारी हगवण हे मूळ असेल, तर खापर दुधावर फोडून उपयोग नाही.

३. लक्षणे कशी ओळखावीत?

पचनाचा त्रास असल्यास :
(अ) दूध प्यायल्यानंतर अर्ध्या तासापासून काही तासांत पोट गुडगुडते, फुगते व पातळ शौच होते.
(आ) शौचाच्या जागेभोवती कातडी लाल होते.
(इ) पुरळ, सूज, धाप ही लक्षणे नसतात.
(ई) दूध कमी करताच दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

ॲलर्जी असल्यास दोन प्रकार दिसतात. तत्काळ प्रकारात काही मिनिटांपासून दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलटी होते किंवा छातीत घरघर सुरू होते. उशिराच्या प्रकारात कित्येक तासांनी वा दिवसांनी शौचात रक्त व शेम पडते, वारंवार उलट्या होतात, इसब हटत नाही व वजन वाढत नाही. ही ॲलर्जी बहुधा वयाच्या पहिल्या वर्षातच, वरचे दूध सुरू केल्यावर दिसू लागते.

४. खात्री कशी करावी?

घरच्या घरी अंदाजाने महिनोन् महिने दूध तोडू नये. आठवडाभर एका वहीत बाळाने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले व त्रास केव्हा झाला हे लिहावे. ही वही डॉक्टरांना दाखवावी. उशिराच्या प्रकाराचे निदान केवळ रक्त तपासून होत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे सर्व पदार्थ बंद करून पाहतात आणि नंतर पुन्हा देऊन पाहतात. बंद केल्यावर त्रास थांबला व दिल्यावर परतला, तरच निदान पक्के. ज्या मुलाला पूर्वी सूज किंवा धाप आली असेल त्याला पुन्हा दूध देऊन पाहण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये. तो रुग्णालयातच व्हावा.

५. काय करावे?

आईचे दूध तोडू नये. हगवणीतही ते चालूच ठेवावे. ॲलर्जी असलेले बाळ अंगावर पीत असेल, तर गरजेप्रमाणे डॉक्टर आईलाच दुधाचे पदार्थ वर्ज्य करण्यास सांगतात.

हगवण लागताच जलसंजीवनी द्यावी. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूड मिसळावी. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. सोबत सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस देतात. ही गोळी आशाताईंकडे व उपकेंद्रात मिळते.

हगवण १४ दिवसांहून जास्त लांबली, तर वरचे दूध कमी करून ते मऊ भातात किंवा पेजेत कालवून द्यावे, अथवा त्याऐवजी दही द्यावे. दह्यात विरजणाने लॅक्टोजचा काही भाग आधीच पचलेला असतो. मात्र ॲलर्जीच्या मुलाला दही, ताक, पनीर, खवा यांपैकी काहीही चालत नाही.

"गाईचे बाधते तर बकरीचे द्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. लॅक्टोज बकरीच्या व म्हशीच्या दुधातही असते. शिवाय या दुधांतील प्रथिने इतकी सारखी असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बकरीचे दूधही बाधते. बाजारच्या बिस्किटांत, पावात व चॉकलेटात दुधाची भुकटी असते. पाकिटावरील मजकूर वाचूनच ती आणावीत.

६. दुधाविना पोषण

गोंडपिपरी तालुका वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या मधला, भातखाऊ मुलूख. या व शेजारच्या गडचिरोलीच्या रानपट्ट्यातील अनेक आदिवासी घरांत गाय ही दुधासाठी पाळण्याची रीत नव्हती. दूध वासराचे मानले जाई. तरीही तेथे मुले वाढली, कारण दुधातून मिळणारी प्रथिने व चुना इतर अन्नातूनही मिळतात. पाणी असलेल्या तळ्याबोड्यांतील बारीक मासे काट्यासह वाळवून, कुटून भातात घालता येतात. अंडे, तुरीचे व मुगाचे घट्ट वरण, मुंगण्याचा पाला, तीळ व जवस यांची बारीक पूड, शेंगदाण्याचा कूट व वर चमचाभर तेल असा आहार दिवसातून चार-पाच वेळा द्यावा. निव्वळ वरणाचे पाणी म्हणजे आहार नव्हे. नवा पदार्थ एका वेळी एकच सुरू करावा. शासनाच्या अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील बालकांना अंगणवाडीतून अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. तिचा लाभ घ्यावा.

दूध सोसणाऱ्या मुलालाही दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध देऊ नये. दुधात लोह नगण्य असते. दुधावरच पोट भरले की मूल जेवत नाही व त्याच्या अंगातील रक्त कमी होते.

७. केव्हा थांबू नये?

ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, अंग गार पडून मूल निपचित होणे, शौचात रक्त, सतत उलट्या, डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सूज व धाप यांवर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन वेळीच मिळाले, तर जीव वाचतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते अतितीव्र कुपोषण समजावे व पोषण पुनर्वसन केंद्राचा सल्ला घ्यावा.

८. समाजाची जबाबदारी

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. यातून एवढे निश्चित कळते, की योग्य शिक्षण मिळाल्यास गावातील बाई बाळाचा धोका वेळेत ओळखू शकते. आपल्या वस्तीतही दहावी-बारावीच्या विद्यार्थिनींनी अंगणवाडीताईंना दंडघेर व वजन मोजण्यात मदत करावी, मातांना वही ठेवण्यास शिकवावे. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांत तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत आपोआप जाते. तोपर्यंत मुलाचे पोट योग्य अन्नाने भरलेले ठेवणे, हे घराचे व समाजाचेही काम आहे.

उजळणीसाठी प्रश्न
१) दूध न पचणे व दुधाची ॲलर्जी यांतील तीन फरक सांगा.
२) हगवणीनंतर काही काळ दूध का सोसत नाही?
३) ॲलर्जीच्या मुलाला बकरीचे दूध का देऊ नये?
४) आपल्या गावात मिळणाऱ्या जिनसांतून दुधाविना एका दिवसाचा बालआहार लिहा.